थंड पाण्यात शिसं किती आणि कुठे? सूट, सिलिंडर आणि वजन लावण्याच्या पद्धतींची तुलना

तारकर्लीत किंवा अंदमानात डायव्हिंग शिकलेल्या माणसाच्या लॉगबुकात वजनाच्या रकान्यात बहुधा ४ ते ६ किलो लिहिलेलं असतं. अंगात ३ मिमीचा वेटसूट (आत पाणी शिरू देणारा रबरी सूट), पाठीवर ॲल्युमिनियमचा सिलिंडर, पाणी २७-२८ अंशांचं. हाच माणूस नोकरीसाठी ब्रिटनला गेला आणि फेब्रुवारीत लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हच्या जुन्या दगडखाणीत उतरायचं म्हणाला, तर पाणी ५ अंशांच्या आसपास मिळतं. अंगात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट, येतो आणि पाण्याखाली राहायला कमरेला दहा-बारा किलो शिसं लागतं. आइसलंडच्या सिल्फ्रा नावाच्या गोड्या पाण्याच्या भेगेत तर बाराही महिने २ ते ४ अंश. हे वजन दुप्पट का होतं, त्यातलं खरंच गरजेचं किती, आणि पैसे घालताना कुठला सूट, कुठला सिलिंडर, वजन लावायची कुठली पद्धत निवडावी, हा इथला विषय.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पाणी १० अंशांखाली असेल आणि वर्षाला वीसेक डाइव्ह होणार असतील, तर मेम्ब्रेनचा (पातळ जलरोधक कापडाचा) ड्रायसूट, स्टीलचा १२ लिटरचा सिलिंडर आणि दोन-तीन जागी वाटून लावलेलं शिसं. उन्हाळ्यात चार-सहा वेळाच उतरणार असाल, तर ७ मिमीचा सेमीड्राय (आत फार थोडं पाणी येऊ देणारा जाड वेटसूट) पुरतो आणि ड्रायसूटचे पैसे वाचतात. मात्र तेव्हा वजनाचा हिशोब वेगळा आणि थोडा जास्त नाजूक होतो. तो कसा, ते पुढे.

शिसं कशासाठी, ते आधी

आपण नेलेलं प्रत्येक किलो शिसं कुठल्या तरी हवेची परतफेड असते. हवा तीन ठिकाणी असते: सूटमध्ये, बीसीडीत (हवा भरून तोल साधायच्या जॅकेटात) आणि सिलिंडरमध्ये. बीसीडीतली हवा आपण आपल्या हाताने भरतो आणि काढतो, ती हिशोबात शेवटी येते. सिलिंडरमधल्या हवेला वजन असतं, लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. १२ लिटरचा सिलिंडर २३२ बारवरून ५० बारवर आला (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) की साधारण २.६ किलो हवा वापरून झालेली असते. म्हणजे डाइव्हच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा अडीच किलोने हलके झालेले असता. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, ५ मीटरवर बीसीडी रिकामी करून स्थिर थांबता आलं पाहिजे, म्हणून वजन ठरतं ते त्या क्षणासाठी. उडी मारल्या मारल्या खाली जाता येतं की नाही, यावरून ते ठरवू नये.

याचा दुसरा अर्थ असा की बरोबर वजन लावलेला माणूससुद्धा डाइव्हच्या सुरुवातीला अडीच किलोने जड असतोच, आणि तेवढी हवा त्याला कुठेतरी भरावी लागते. ते ठीकच आहे. गडबड होते ती त्याच्यावर आणखी चार किलो चढवल्यावर.

हे चार किलो जरा जवळून पाहू. २० मीटरवर दाब ३ बार. चार किलो जास्तीच्या शिशाला तोलायला तिथे ४ लिटर जास्तीची हवा भरलेली आहे. तुम्ही वर निघालात. १० मीटरवर दाब २ बार, तीच हवा ६ लिटर झाली, म्हणजे २ किलोचा धक्का वरच्या दिशेला. ५ मीटरवर दाब दीड बार, हवा ८ लिटर, धक्का ४ किलोचा. हे फक्त जास्तीच्या हवेचं. सूटमधली आणि बीसीडीतली नेहमीची हवाही त्याच वेळी फुगते आहे. बरोबर वजन असलेल्याला हळूहळू हवा सोडत येता येतं. जास्त वजनवाल्याला शेवटच्या १० मीटरांत भराभर सोडावी लागते, हात जाड हातमोज्यांत असतात, आणि नेमका इथेच ताबा सुटतो. जड माणूस बुडतो ही भीती सगळ्यांना असते. थंड पाण्यात जास्त वेळा दिसतं ते उलटं: जड माणूस बुचासारखा वर येतो.

आणखी एक गोष्ट, जी गरम पाण्यात शिकलेल्याला कुणी सांगितलेली नसते. रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करणाऱ्या यंत्राच्या) फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, हवा एकदम मोकळी होते तेव्हा ती प्रचंड गार होते. पाणी १० अंशांखाली असलं की तिथे बर्फ धरू शकतो, झडप उघडीच राहते आणि हवा धो धो वाहू लागते. युरोपच्या ईएन २५० मानकात थंड पाण्याची चाचणी ४ अंशांवर घेतात ती याचसाठी. श्वास घेताना त्याच वेळी बीसीडी आणि सूटही फुगवत राहणं, हे गोठण्याला सरळ आमंत्रण. म्हणजे कमी शिसं, कमी फुगवणं, कमी गोठण. वजनाचा प्रश्न इथे फक्त पोहण्याच्या सोयीचा उरत नाही. फुगवायचं ते एकेका सेकंदाच्या छोट्या दाबात, आणि श्वास सोडताना.

सूट: ७ मिमी सेमीड्राय, निओप्रीन ड्रायसूट की मेम्ब्रेन

७ मिमीच्या निओप्रीनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. मध्यम बांध्याच्या माणसाच्या नव्या, पूर्ण ७ मिमी सूटची पृष्ठभागावर साधारण ८-९ किलोची उचल, म्हणजे वर ढकलणारा जोर, असते. १० मीटरवर ती जवळजवळ निम्मी होते आणि ३० मीटरवर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरते. सहा किलोची उचल गेली, वर सिलिंडरमधल्या हवेचे अडीच किलो. म्हणजे तळाशी बीसीडी आठेक किलो पेलून असते. बीसीडीची नळी तिथे फाटली, तर आठ किलो घेऊन पायांच्या जोरावर वर येणं फार थोड्यांना जमेल. म्हणून वेटसूटबरोबर सहज टाकता येणारं वजन हवंच हवं, आणि खूप जड स्टीलचे सिलिंडर, विशेषतः स्टीलची जोडी, वेटसूटवर घेऊ नये. सिलिंडर टाकून देता येत नाही.

आणखी एक अडचण दाबाची. सूट आकसतो तशी त्याची ऊबही जाते. १२ अंशांच्या पाण्यात १० मीटरवर चालून जाणारा ७ मिमी ३० मीटरवर ३ मिमीसारखा वागतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात १७ अंशांपर्यंत पाणी मिळतं, तिथे तो उत्तम. मार्चमध्ये स्कॉटलंडच्या सेंट ॲब्सला ५-६ अंशांत तो घालून दुसरी डाइव्ह करायचा विचारही करू नये.

सेमीड्रायच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: त्यातली हवा निओप्रीनमध्ये जागच्या जागी कोंडलेली असते. ती पायांकडे पळत नाही, व्हॉल्व्ह लागत नाही, वेगळं शिक्षण लागत नाही. नवा सूट मात्र पहिल्या पन्नासेक डाइव्हनंतर दबून पातळ होतो आणि एक-दोन किलो शिसं आपोआप जास्त होऊन बसतं. वर्षभरापूर्वीचा आकडा तसाच वापरणाऱ्यांचं इथे चुकतं.

निओप्रीनचा साधा ड्रायसूट सेमीड्राय आणि मेम्ब्रेन यांच्या मधला. त्याची स्वतःची उचल वेटसूटसारखीच असते आणि खोलीवर तशीच घटते, वर आतली हवाही सांभाळायची. आतून पातळ कपडे चालतात, अंगाला बसतो, फाटला तरी थोडी ऊब राहते. पण शिसं सगळ्यात जास्त यालाच लागतं. आधीच दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचा ड्रायसूट ही त्याची सुधारलेली आवृत्ती: जाडी २ ते ४ मिमी, खोलीवर फारसा आकसत नाही, आणि खडकावर, भंगार जहाजाच्या पत्र्यावर घासला तरी टिकतो. किंमत जास्त आणि वाळायला वेळ घेतो. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये बुडालेल्या जर्मन युद्धनौकांवर वारंवार जाणाऱ्याला हा शोभतो.

मेम्ब्रेन म्हणजे तीन थरांच्या कापडाचा ड्रायसूट. त्याला स्वतःची उचल जवळजवळ नसते. सगळी उचल आतल्या कपड्यांतल्या हवेची. हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, कारण ती हवा तुम्ही खोलीवर पुन्हा भरू शकता आणि उचल व ऊब दोन्ही तेवढ्यास तेवढी राखू शकता. उन्हाळ्यात पातळ, हिवाळ्यात जाड आतला सूट घालायचा, बाहेरचा तोच. मात्र आतला कपडा बदलला की शिसं बदललं. २०० ग्रॅमचा (चौरस मीटरमागे) जाऊन ४०० ग्रॅमचा आला तर दोन ते चार किलो वाढतील असं धरून चाला आणि पाण्यात खात्री करा.

नव्याला काळजी असते की सूट भरण्यात हवा संपेल. हिशोब करू. सूटमध्ये १० लिटर हवा कायम ठेवायची आहे आणि पृष्ठभागावरून ३० मीटरवर जायचं आहे. तर ३० लिटर हवा लागते, १२ लिटरच्या सिलिंडरमधले जेमतेम अडीच बार. हवेची कंजुषी करून सूट आवळू देण्यात अर्थ नाही. अंगावर लालनिळे वळ उठतात, आतला कपडा चेपून थंडी वाजते, आणि थंडीने आखडलेला माणूस श्वासही जास्त वापरतो.

मेम्ब्रेन फाटला तर आतला कपडा भिजतो आणि त्याची उचल जाते. आत शिरलेलं पाणी पाण्याखाली जड नसतं. गेलेली उचल मात्र विंगने, म्हणजे पाठीवरच्या हवा भरायच्या पिशवीने, भरून काढावी लागते. बोटीच्या शिडीवर ते पाणी खरोखर जड होतं, तेव्हा वजनाच्या पिशव्या आणि सिलिंडर आधी वर द्यायचे. गळ्याचं लेटेक्स सील उन्हाने आणि घामाने दोन-तीन वर्षांत चिरतं. बदलता येणाऱ्या कड्यातलं सिलिकॉनचं सील घेतलं तर ते घरच्या घरी बदलता येतं.

हवा सूटमध्ये ठेवायची की विंगमध्ये

यावर दोन पंथ आहेत. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ड्रायसूट कोर्समध्ये पाण्याखाली सूटनेच तोल सांभाळायला आणि बीसीडी फक्त पृष्ठभागावर वापरायला शिकवत आले आहेत. तांत्रिक डायव्हिंगवाले (खोल आणि अवघड डाइव्ह करणारे) सूटमध्ये आवळणार नाही एवढीच हवा ठेवतात आणि बाकी सगळं विंगवर सोपवतात.

पहिल्या पद्धतीत एकच बुडबुडा सांभाळायचा असतो, डोक्याला ताण कमी. एक सिलिंडर आणि बेताचं वजन असेल तर ती व्यवस्थित चालते. तिची मर्यादा जास्तीच्या वजनात दिसते. सहा-सात लिटरची मोकळी हवा सूटमध्ये असली की ती वाहते. जरा डोकं खाली गेलं की ती पायांत जाते, पाय वर, बूट फुगतात, आणि सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर असल्याने पायातली हवा बाहेर पडायला वाटच नसते. अशा वेळी गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आणायचं, डावं कोपर उंच करून हवा सोडायची. हे किनाऱ्यावर वाचून जमत नाही. स्टोनी कोव्हच्या सहा-सात मीटरच्या पायरीवर, शिक्षकाबरोबर दहा वेळा करून जमतं. सिल्फ्राला तर डायव्हिंगसाठी ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा गेल्या दोन वर्षांतल्या दहा ड्रायसूट डाइव्हची नोंद मागतात, तेही रास्तच आहे.

आमचा कल असा: सूटमध्ये ऊब वाटेल आणि आवळणार नाही इतकी हवा, त्याहून जास्त जी लागेल ती विंगमध्ये. वर येताना सूटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून त्याला आपलं काम करू द्यायचं आणि हाताने विंग सांभाळायची. सूटमध्ये हवा कमी ठेवली तर उत्तमच, पण आतल्या कपड्याची सगळी हवा पिळून काढणं ही काटकसर चुकीची.

दंडावरच्या व्हॉल्व्हबद्दल दोन बारकावे. वर निघण्याआधी तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने पूर्ण फिरवून उघडला आहे ना हे हाताने तपासा. पृष्ठभागावर तरंगताना बंद केलेला तसाच विसरला जातो. आणि हवा फार हळू सुटत असेल, तर बहुतेक वेळा आतल्या कपड्याचं कापड आतून व्हॉल्व्हला चिकटलेलं असतं. दंडाखाली कापडाची घडी जमली आहे का ते सूट घालतानाच पाहावं. व्हॉल्व्हमधून पाणी झिरपत असेल, तर केस किंवा धागा अडकलाय. छातीवरच्या हवा भरायच्या बटणाचं उलटं: ते मिठाने किंवा बर्फाने दाबलेलंच राहू शकतं. उपाय एकच, नळी ओढून काढणे आणि त्याच क्षणी हवा सोडणे. ५ मिमीचे हातमोजे घालून ती नळी काढायचा सराव नसेल, तर खोल पाण्यात जाऊ नका.

सिलिंडर: ॲल्युमिनियम की स्टील

भारतात सगळीकडे दिसणारा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम, ज्याला एएल ८० म्हणतात, तो भरलेला असताना समुद्रात अर्ध्या-पाऊण किलोने बुडतो. रिकामा झाला की २ किलोने तरंगतो. ५० बारवर सव्वा किलोच्या वर तरंगत असतो. म्हणजे हा उडणारा सिलिंडर खाली धरायला तुम्ही वेगळं शिसं नेता.

युरोपात रुळलेला स्टीलचा १२ लिटर, २३२ बारचा सिलिंडर रिकामा असतानाही बनावटीप्रमाणे अर्धा ते एक किलोने बुडतो. ५० बारवर दीडेक किलोने. दोन्हींतला फरक अडीच ते तीन किलोंचा. एवढं शिसं पट्ट्यावरून कमी झालं. थंड पाण्यात, जिथे प्रत्येक किलो मोजून न्यायचा, तिथे स्टीलच्या बाजूने याहून सरळ युक्तिवाद नाही. गंज मात्र सांभाळावा लागतो, आणि भरलेला सिलिंडर १८ किलोंच्या आसपास जड असतो.

ॲल्युमिनियम थंड पाण्यात वाईट नाही. वेटसूटवाल्याला तो बरा, कारण जास्तीचं वजन पट्ट्यावर राहतं आणि प्रसंगी टाकता येतं. ड्रायसूटवाल्याला स्टील. हा नियम आम्ही फार कमी वेळा मोडू.

वजन लावायच्या चार जागा

साधा पट्टा स्वस्त, कुठेही भाड्याने मिळतो आणि एका हाताने सुटतो. वेटसूटबरोबर तो चांगला, फक्त नायलॉनचा पट्टा तळाशी ढिला पडतो, कारण कमरेभोवतीचा निओप्रीन आकसलेला असतो. रबराचा पट्टा ताणून बांधला की सूटबरोबर आकसतो. ड्रायसूटबरोबर १० किलोचा पट्टा कंबर दुखवतो, आणि मेम्ब्रेनच्या गुळगुळीत कापडावरून नितंबाखाली घसरतो. ड्रायसूटमध्ये खोलवर पूर्ण पट्टा गळून पडणं हा थेट जिवाशी खेळ आहे; वर जाणं थांबवायला काहीच उरत नाही.

खांद्यावरून घ्यायचा वजनाचा पट्टा, म्हणजे हार्नेस, हे ओझं खांद्यांवर वाटतो. पाठदुखी असलेल्यांना वरदान. घालायला एक जास्तीची पायरी, आणि बीसीडीच्या आत जात असल्यामुळे कुठला पट्टा कशाखाली आहे हे जोडीदाराला दाखवून ठेवावं लागतं.

बीसीडीतले खिसे आरामाचे. शिसं पोटाजवळ राहतं, शरीर आडवं राहायला मदत होते. पण सगळं वजन तिथे टाकलं, तर सिलिंडर, रेग्युलेटर, शिसं मिळून एकेक साज ३० किलोंपर्यंत जातो. ओल्या डेकवर तो उचलणं सोपं नाही. पृष्ठभागावर बीसीडी काढून बोटीला द्यायची झाली, तर सगळं वजन तिच्याबरोबर जातं आणि तुम्ही ड्रायसूटमध्ये बुचासारखे तरंगता. खिशांच्या कड्या खट्‌ आवाज येईपर्यंत बसवल्या का ते प्रत्येक वेळी ओढून पाहावं. अर्धवट बसलेला खिसा उडी मारतानाच गळून जातो, आणि एकाच बाजूचं पाच किलो गेलं की माणूस कलंडतो.

स्टीलची पाठपट्टी (जॅकेटाऐवजी पाठीला लावायची धातूची पट्टी) आणि विंग. ३ मिमीची पट्टी साधारण २.७ किलोची असते. पाण्यात तिचे २.३५ किलो उरतात. जाड गाद्यांच्या जॅकेटची स्वतःची थोडी उचल असते, तीही यात नाही. म्हणजे तीन किलोंच्या आसपास शिसं विनासायास कमी, आणि तेही फुप्फुसांजवळ, जिथे उचल सगळ्यात जास्त. विंग किती लिटरची घ्यावी? भरलेला स्टील सिलिंडर ४ किलो, पट्टी सव्वादोन-अडीच, रेग्युलेटर दीड, खिशातलं शिसं ६. बेरीज १४. एवढा साज एकटा पाण्यावर तरंगला पाहिजे, म्हणून १६ ते १८ किलो उचलणारी विंग. त्याहून मोठी घेतली तर रिकामी असताना फडफडते आणि कोपऱ्यात हवा अडकते.

घोट्यांवर अर्धा-अर्धा किलो बांधणं हा तरंगत्या पायांवरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दमवणारा उपाय. प्रत्येक लाथेला ते ओझं हलवावं लागतं. आधी सूटचे पाय लांब आहेत का, बूट मोठे आहेत का ते पाहा. पोटरीला पट्ट्यांचं वेष्टण बांधून हवेची जागाच कमी करा. जड रबराचे फिन घ्या. मग गरज उरली तर वजन.

आम्हाला पटलेली वाटणी, १० किलो लागत असतील तर: पट्टी आणि स्टील सिलिंडरने पाच-साडेपाच किलो आपोआप सुटले. उरलेल्या साडेचार-पाचातले दोन किलो सिलिंडर बांधायच्या वरच्या पट्ट्याच्या खिशांत, तोल आडवा राहण्यासाठी. बाकीचे अडीच-तीन किलो टाकता येतील असे, पट्ट्यावर किंवा खिशांत. ते टाकले तर माणूस हळूहळू वर येईल, उडणार नाही. सगळंच वजन टाकता येणारं ठेवणं आणि काहीच न ठेवणं, दोन्ही टोकं धोक्याची.

वजनाची तपासणी, जशी थंड पाण्यात करायला हवी

डाइव्हच्या आधी पृष्ठभागावर ‘डोळ्यापर्यंत पाणी’ पाहणं, म्हणजे बीसीडी रिकामी करून तरंगताना पाणी डोळ्यांशी येतं का ते पाहणं, गरम पाण्यात ठीक होतं. ड्रायसूटमध्ये ते फसवतं. कोरड्या, फुललेल्या आतल्या कपड्यात हवा अडकून राहते आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत हळूहळू सुटते. त्यात नव्या माणसाच्या फुप्फुसांत भीतीने लिटर-दीड लिटर जास्तीची हवा. दोन्ही मिळून तो खाली जात नाही, आणि मदत म्हणून कोणीतरी त्याच्या खिशात दोन-दोन किलो टाकतो. ते शिसं पुढे वर्षभर तिथेच राहतं.

म्हणून तपासणी शेवटी. सिलिंडरमध्ये ५० बार. ३ ते ५ मीटरवर, तळाशी किंवा दोरीपाशी, जोडीदार बरोबर. विंग पूर्ण रिकामी करा: पाठीवरची हवाही, म्हणजे उभं राहून नळी वर धरून. सूटमध्ये आवळत नाही आणि हात-पाय वळतात एवढीच हवा. मग आडवे व्हा, पाय हलवू नका, दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास घेताना किंचित वर, सोडताना किंचित खाली, असं होत असेल तर आकडा बरोबर. खालीच जात असाल तर जोडीदाराकडे एक-एक किलो द्या. वर जात असाल तर त्याच्याकडून घ्या. सूट पिळून, अंगाला चिकटवून ही तपासणी करू नका, नाहीतर प्रत्यक्ष स्टॉपवर ऊब राखायला हवा भरली की तुम्ही तरंगाल. एखाद्या वेळी ५० ऐवजी २०-३० बारवर स्टॉप करायची पाळी येते, त्यासाठी अर्धा किलो जास्त ठेवला तर बिघडत नाही.

सुरुवातीलाच तपासणं भाग असेल, तर भरलेल्या सिलिंडरवर तोल साधून त्यात अडीच किलो मिळवा.

गोड्या पाण्यातला आकडा समुद्रात चालत नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी घट्ट असतं. तुम्ही ७५ किलोंचे आणि साज ३५ किलोंचा, एकूण ११०, तर फरक पावणेतीन किलोंचा. त्यात शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं, १ किलो शिसं समुद्रात ९१० ग्रॅमच ओढतं. म्हणजे स्टोनी कोव्हचा आकडा घेऊन सेंट ॲब्सला जाताना ३ किलो वाढवा, आणि समुद्रातून सिल्फ्राला जाताना तेवढंच कमी करा.

लॉगबुकात नुसतं ‘वजन ९ किलो’ लिहू नका. कुठला सूट, आतला कपडा कुठला, सिलिंडर कुठला आणि शेवटी किती बार, पाणी गोडं की खारं, हातमोजे आणि टोपीची जाडी, आणि स्टॉपवर विंग रिकामी ठेवून थांबता आलं का. जाड टोपी बदलली तरी तोल डोक्याकडून हलतो. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

खरेदीचा क्रम

आधी शिक्षण आणि भाड्याचा ड्रायसूट, चार-पाच डाइव्ह. त्यात स्वतःच्या मापाचा अंदाज येतो. ढगळ सूट म्हणजे जास्तीची हवा आणि जास्तीचं शिसं, म्हणून स्वस्त मिळाला तरी मोठा सूट घेऊ नये. मग सूट आणि आतला चांगला कपडा, या दोन्हींत हात आखडू नका. थंड पाण्यासाठीचा रेग्युलेटर सूटच्या बरोबरीनेच. त्यानंतर स्टीलची पट्टी आणि विंग. सिलिंडर शेवटी, कारण ब्रिटनमध्ये स्टीलचा १२ लिटर भाड्यानेही सहज मिळतो. साध्या पट्ट्यावर तीन-चार किलो शिसं कायम जवळ असू द्या, एक किलोच्या तुकड्यांत. दोन-दोन किलोचे ठोकळे घेतले की नेमका मधला आकडा साधत नाही.

पहिल्या दहा डाइव्ह शिक्षकाने दिलेल्या आकड्यावरच करा, भीती असताना वजन उतरवू नये. श्वास शांत झाला की दर डाइव्हला एक किलो काढत जा. ज्या दिवशी ५० बारवर, विंग रिकामी असून स्टॉपवर थांबता येणार नाही, त्या दिवशी एक किलो परत घ्या आणि तो आकडा लिहून ठेवा.